लक्षण आणि लक्ष्य : सायबर-सुरक्षेच्या महाविद्यालयीन अध्यापनाची एक चिकित्सा

१

सायबर-सुरक्षा हा विषय आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासपत्रिकांत आता नवा राहिलेला नाही. अभियांत्रिकीच्या संगणक व माहिती-तंत्रज्ञान ह्या शाखांत तो वर्षानुवर्षे शिकविला जात आहे. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही पातळ्यांसाठी त्याचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केल्यापासून इतर विद्याशाखांतील विद्यार्थ्यांसाठीही त्याचे दार उघडले आहे. त्यापूर्वी २०१३ च्या राष्ट्रीय सायबर-सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत पाच लक्ष प्रशिक्षित व्यावसायिक निर्माण करण्याचे उद्दिष्ट देशापुढे ठेवले होते. म्हणजे ह्या विषयाच्या अध्यापनामागे केवळ ज्ञानवृद्धीचा नव्हे, तर व्यवसायसिद्धतेचाही हेतू उघडपणे मांडलेला आहे. तेव्हा त्याच हेतूच्या कसोटीवर हे अध्यापन पारखून पाहणे अन्यायाचे ठरू नये.

ही पारख भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दोन प्रकारे देता येईल. एक तर अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका ह्या तिन्ही गोष्टी अखेर संहिता आहेत, आणि कोणत्याही संहितेप्रमाणे त्यांचेही भाषिक विश्लेषण करता येते. दुसरे असे की, ज्या व्यवसायासाठी विद्यार्थी तयार व्हावयाचे त्या व्यवसायाचा फार मोठा भाग वाचनाचा आणि लेखनाचा आहे. यंत्रांनी लिहून ठेवलेल्या नोंदी वाचणे, माणसांनी पाठविलेले फसवे संदेश ओळखणे आणि जे आढळले ते दुसऱ्याला समजेल व तो त्यावर कृती करील अशा रीतीने लिहून कळविणे, ही त्या व्यवसायातील रोजची कामे होत. प्रस्तुत लेखात तंत्रज्ञानाच्या तपशिलांची अचूकता तपासावयाची नाही. शिकविले जाते ते आणि करावे लागते ते ह्यांच्यामधील अंतर कोठे व कसे पडते, एवढेच पाहावयाचे आहे.

२

प्रश्नपत्रिकेची प्रकृती तिच्या क्रियापदांवरून कळते. सायबर-सुरक्षेच्या प्रश्नपत्रिका चाळल्यास त्यांत पुन्हा पुन्हा आढळणारी क्रियापदे अशी : व्याख्या द्या, स्पष्ट करा, फरक सांगा, प्रकार लिहा, आकृतीच्या साहाय्याने वर्णन करा, संक्षिप्त टीप लिहा. ह्यांच्या जोडीला आणखी एक प्रकार आढळतो, तो म्हणजे आद्याक्षरी संज्ञांची पूर्ण रूपे विचारण्याचा. ह्या सर्व क्रियापदांचा कर्ता विद्यार्थी असला, तरी त्यांचे कर्म नेहमी पाठ्यपुस्तकातील मजकूर हेच असते. त्यांच्यापैकी एकही क्रियापद विद्यार्थ्याला अनोळखी वस्तूसमोर उभे करीत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची पहिली नोकरी एखाद्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये असते. ही केंद्रे अहोरात्र चालतात आणि तेथील काम पाळ्यांमध्ये वाटलेले असते. पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागलेली असते. त्यांतील बहुतेक इशारे निरर्थक असतात आणि एखादाच खरा असतो. तो ओळखणे, आजूबाजूच्या नोंदींशी ताडून पाहणे, वरिष्ठाला उठवावे की नाही हे ठरविणे, आणि आपण तसे का ठरविले हे पुढच्या पाळीसाठी चार ओळींत लिहून ठेवणे, हे त्या नवोदिताचे काम. येथील क्रियापदे ओळखणे, ताडणे, ठरविणे, थांबविणे, कळविणे ही होत. पहिल्या यादीतील एकही क्रियापद दुसऱ्या यादीत येत नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

हा भेद शिक्षणशास्त्राला अज्ञात नाही. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात स्मरणापासून मूल्यमापनापर्यंतच्या पायऱ्या स्पष्ट केलेल्या आहेत, आणि आज आपल्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आरंभी त्या पायऱ्यांचा उल्लेख करण्याची प्रथाही पडली आहे. परंतु उद्दिष्टांच्या रकान्यात 'विश्लेषण करता येईल' असे लिहावयाचे आणि प्रश्नपत्रिकेत 'व्याख्या द्या' असे विचारावयाचे, ह्या विसंगतीमुळे तो उल्लेख केवळ शिष्टाचारापुरता उरतो. विद्यार्थी उद्दिष्टे वाचून अभ्यास करीत नाही. तो मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहून अभ्यास करतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या 'नाइस' ह्या आराखड्यात सायबर-सुरक्षेतील भूमिकांचे वर्णन कामे, ज्ञान आणि कौशल्ये अशा विधानांतून केले आहे. त्यात अमुक भूमिकेतील माणसाला काय करता आले पाहिजे, हा प्रश्न आधी येतो आणि त्यासाठी काय माहीत असले पाहिजे हा प्रश्न त्यामागून येतो. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. अर्थात कामांची यादी तयार केल्याने काम शिकविले जाते असे नव्हे, आणि असा आराखडा जसाच्या तसा उचलून आणावा असेही येथे सुचवावयाचे नाही. परंतु प्रश्न विचारण्याचा क्रम बदलला की उत्तराचे स्वरूप बदलते, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

३

व्याकरणशास्त्राच्या आपल्या परंपरेत ह्या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, आरंभीच्या पस्पशाह्निकात, व्याकरण म्हणजे नेमके काय ह्याची चर्चा करताना केवळ सूत्रे म्हणजे व्याकरण नव्हे, तर लक्ष्य आणि लक्षण ही दोन्ही मिळून व्याकरण होते, असा विचार आला आहे. लक्षण म्हणजे नियम, आणि लक्ष्य म्हणजे ज्याला तो नियम लागू व्हावयाचा तो प्रत्यक्ष शब्द. लक्ष्यावाचून लक्षण पाठ केलेला विद्यार्थी सूत्र म्हणून दाखवील, पण समोर आलेला शब्द शुद्ध की अशुद्ध हे त्याला सांगता येणार नाही. सायबर-सुरक्षेच्या आपल्या अध्यापनात लक्षणांची रेलचेल आहे आणि लक्ष्यांचा दुष्काळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

हे विधान दोन घटनांच्या आधारे तपासून पाहता येईल. पहिली घटना फेब्रुवारी २०१६ मधील. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेत असलेले पैसे लुबाडण्यासाठी चोरट्यांनी त्या बँकेच्या नावाने 'स्विफ्ट' ह्या यंत्रणेतून सुमारे ९५ कोटी डॉलरचे ३५ आदेश पाठविले. त्यांपैकी ८ कोटी १० लक्ष डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. श्रीलंकेकडे निघालेली २ कोटी डॉलरची रक्कम मात्र वाटेत अडली, आणि तिच्या अडण्याचे जे कारण प्रसिद्ध झाले ते भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे : लाभार्थी संस्थेच्या नावातील 'फाउंडेशन' ह्या शब्दाचे स्पेलिंग चुकून 'फँडेशन' असे झाले होते, आणि वाटेवरील एका बँकेने त्याबद्दल विचारणा केली. संदेश तांत्रिकदृष्ट्या वैध होता. त्याची ओळखपत्रे बरोबर होती. सर्व लक्षणे जुळत होती. फसला तो केवळ शब्दामुळे.

ह्याच प्रकरणातील दुसरा तपशील अधिक बोधप्रद आहे. बँकेच्या ढाक्यातील कार्यालयात स्विफ्टचे संदेश आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. ५ फेब्रुवारीला तो चालत नसल्याचे तेथील कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले. परंतु प्रिंटर बिघडणे ही नेहमीचीच बाब असल्यामुळे त्यांनी त्याकडे त्या दृष्टीने पाहिले नाही. वास्तविक तो प्रिंटर चोरट्यांनीच निकामी केला होता. नेहमीच्या बिघाडातून अनेहमीचा बिघाड वेगळा काढणे, ही कोणत्याही प्रकरणाच्या शेवटी दिलेली व्याख्या नव्हे. ती सवय आहे, आणि ती पुष्कळ प्रिंटर, पुष्कळ नोंदी, पुष्कळ खरे-खोटे बिघाड पाहिल्यावाचून लागत नाही.

दुसरी घटना आपल्या पुण्यातील आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून भारतासह २८ देशांतील एटीएम यंत्रांतून हजारो व्यवहारांत पैसे काढण्यात आले. आणि १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे झाले. ह्या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. हल्ल्याची रीत अशी होती : एटीएममधून पैसे मागितले गेले की ती विनंती 'स्विच' नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मूळ खातेप्रणालीकडे जाते आणि तेथून होकार किंवा नकार येतो. चोरट्यांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला, आणि तो मूळ प्रणालीला न विचारता परस्परच होकार देऊ लागला.

ही घटना आपल्या वर्गात कशी शिकविली जाईल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता ह्या तीन तत्त्वांपैकी येथे कोणत्या तत्त्वाचा भंग झाला, असा प्रश्न सहा गुणांसाठी विचारला जाईल, आणि विद्यार्थी अखंडतेची व्याख्या लिहून तिच्याखाली घटनेचा सारांश देईल. हे उत्तर चुकीचे नाही. पण त्या शनिवारी कामावर असलेल्या माणसाला त्याचा काहीच उपयोग झाला नसता. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. एका ठिकाणी व्यवहार मंजूर झाल्याची नोंद आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्या व्यवहाराचा मागमूस नाही. अशा दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तर त्यांच्यातील विसंगती दिसते. पाहावयाचे होते ते तेथे.

ही रीत पुण्याला अपरिचित नसावी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे एकाच संहितेच्या अनेक पोथ्या शेजारी ठेवून, पाठभेद टिपून, प्रक्षिप्त कोणते आणि मूळ कोणते हे ठरविण्याच्या शिस्तीचे उदाहरण आहे. एका यंत्राची नोंद, दुसऱ्या यंत्राची नोंद आणि मूळ प्रणालीची नोंद ह्याही एकाच घटनेच्या तीन पोथ्याच होत. त्यांतील पाठभेद हेच चोरीचे चिन्ह. पाठचिकित्सेचे नियम पाठ करून कोणी पाठचिकित्सक होत नाही. पोथ्या हाताळाव्या लागतात. आपला सायबर-सुरक्षेचा विद्यार्थी मात्र पोथी न पाहताच पदवी घेतो.

४

लक्षणांच्या निवडीबद्दलही काही म्हणावयाचे आहे. गूढलेखनशास्त्र हा ह्या अभ्यासक्रमांचा सर्वांत भक्कम आणि सर्वांत प्रतिष्ठित भाग. सीझरच्या लिपीपासून आरंभ होऊन डीईएस, एईएस, आरएसए ह्या पद्धतींपर्यंत तो जातो. डीईएस ही पद्धती अमेरिकेत १९७७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेली आणि २००५ मध्ये ते मानक मागे घेण्यात आले. तरीही तिच्या सोळा फेऱ्यांची आकृती काढण्यात आपले विद्यार्थी आजही निष्णात असतात. इतिहास म्हणून ती शिकवावी, ह्याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा की ती इतिहास म्हणून शिकविली जाते काय.

ह्या शास्त्रातील एक मूलभूत तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स ह्यांच्या नावाने ओळखले जाते. हे गृहस्थ मूळचे भाषांचे प्राध्यापक, आणि कृत्रिम भाषेच्या चळवळीचे एक अग्रणी, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितले जात नाही. १८८३ मध्ये लष्करी गूढलेखनावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी चांगल्या पद्धतीच्या सहा अटी मांडल्या. त्यांतील दुसरी अट अशी की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. ही अट प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. सहावी अट अशी की, पद्धती वापरावयास सोपी असावी; तिच्यासाठी मनावर ताण पडू नये किंवा लांबलचक नियमावली लक्षात ठेवावी लागू नये. ही अट वर्गात क्वचितच उच्चारली जाते.

ही वगळणूक आकस्मिक नाही. दुसरी अट यंत्राविषयी आहे, सहावी माणसाविषयी. आपल्या अभ्यासक्रमाने यंत्र निवडले आणि माणूस सोडला. परिणामी पासवर्ड किती अक्षरांचा असावा हे सांगणारा पदवीधर आपल्याला मिळतो. परंतु पतसंस्थेतील लेखनिक तो पासवर्ड कागदावर लिहून खणात का ठेवतो, ह्याचा विचार करणारा मिळत नाही. तो लेखनिक निष्काळजी नसतो. त्याच्यावर सहाव्या अटीचा भंग करणारी पद्धती लादलेली असते. ज्याला हे कळते तो पद्धती बदलण्याचा विचार करतो. ज्याला कळत नाही तो परिपत्रक काढतो.

५

लेखनाचा प्रश्न ह्याहूनही गंभीर आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर-घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती त्या दलाला कळविणे बंधनकारक झाले, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचेही बंधन आले. सहा तास ही मुदत सर्वप्रथम लेखनाची मुदत आहे. काय घडले, केव्हा लक्षात आले, कोणत्या यंत्रणा बाधित झाल्या, आतापर्यंत काय केले, काय निश्चित आहे आणि काय केवळ अनुमान आहे, हे सर्व अपुऱ्या माहितीच्या आधारे, गोंधळाच्या वातावरणात, स्पष्ट वाक्यांत लिहावयाचे असते. आपल्या परीक्षेत सर्ट-इन ही संज्ञा येते ती बहुधा तिचे पूर्ण रूप विचारण्यासाठी.

काही वर्षांपूर्वी अंतिम वर्षाच्या एका वर्गाला तांत्रिक लेखन शिकविण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. तेव्हा एका सर्व्हरच्या दोन पानी नोंदी वर्गात वाटून, ह्यात काही वावगे दिसते काय ते लिहावे, असे सांगितले होते. नोंदींत एकाच पत्त्यावरून पहाटेच्या वेळी झालेले लागोपाठ अयशस्वी प्रयत्न आणि त्यांच्या शेवटी एक यशस्वी प्रवेश, एवढेच होते. वर्गातील एक हुशार, उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी बराच वेळ ते कागद पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "सर, हे कोणत्या प्रकरणातले आहे?" ह्या प्रश्नात त्याचा दोष नव्हता. चार वर्षे त्याला जे जे दिले गेले ते ते कोणत्या ना कोणत्या प्रकरणातलेच होते. पुढे प्रकरणाचे नाव सांगितल्यावर त्याने त्या हल्ल्याच्या प्रकारावर सुरेख टीप लिहिली; शेवटचा तो यशस्वी प्रवेश मात्र तिच्यात आलाच नाही. दार ठोठावल्याचे वर्णन झाले, चोर आत गेल्याचे राहिले.

अनुमान आणि निश्चिती ह्यांतील भेद वाक्यरचनेतून दाखविणे ही भाषेची एक मूलभूत शक्ती आहे. 'चोरी झाली', 'चोरी झाली असावी', 'चोरी झाल्याचे दिसत नाही' आणि 'चोरी झाली नाही' ही चार वाक्ये चार वेगळ्या जबाबदाऱ्या अंगावर घेतात. घटनेच्या वृत्तान्तात तिसऱ्याच्या जागी चौथे वाक्य पडले, तर पुराव्याचा अभाव हाच अभावाचा पुरावा होऊन बसतो, आणि त्यावर विसंबून वरिष्ठ चुकीचा निर्णय घेतात. हा व्याकरणाचा बारकावा शिकविण्यास संगणकाची गरज नाही. पण तो शिकविल्यावाचून सुरक्षेचा व्यवसाय करता येत नाही.

कायद्याच्या बाबतीतही हेच दिसते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याची कलमे क्रमांकांसह पाठ करून घेतली जातात. परंतु त्या अधिनियमाच्या कलम ४३ चा सारा भर 'परवानगीवाचून' ह्या एका शब्दावर आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तो गुन्हा होतो, हे किती विद्यार्थ्यांच्या मनावर ठसते? यंत्रणेची दुर्बलता शोधणारा व्यावसायिक आणि घुसखोर ह्या दोघांची साधने एकच असतात. त्यांच्यात भेद करणारी गोष्ट म्हणजे मालकाने दिलेली लेखी परवानगी, तिच्यात नमूद केलेली मर्यादा आणि मुदत. असा परवानगीचा मसुदा विद्यार्थ्याकडून एकदाही लिहून न घेता त्याच्या हाती ती साधने देणे, हे त्याच्यावरच अन्याय करणारे आहे.

६

येथवरच्या विवेचनात मराठीचा प्रश्न मुद्दामच बाजूला ठेवला होता. त्याकडे आता वळले पाहिजे, कारण तो अभिमानाचा नसून व्यवसायाचा प्रश्न आहे. २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रातील असंख्य वीजग्राहकांना, मागील महिन्याचे देयक अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल, तरी अमुक क्रमांकावर अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा, अशा आशयाचे बनावट संदेश आले, आणि वीज वितरण कंपनीला त्याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना द्यावी लागली. ह्या संदेशाची रचना पाहावी. कर्ता लुप्त आहे. वेळ नेमकी आणि जवळची आहे. दंड ठरलेला आहे. सुटकेचा मार्ग एकच, तो क्रमांक. खऱ्या देयकात जो असतोच तो ग्राहक क्रमांक मात्र कोठेही नाही. हे विश्लेषण वाक्यविचार शिकलेला कोणताही पदवीधर करू शकेल, आणि ते शिकून तो फसव्या संदेशांचा एक नमुना नव्हे, तर एक जात ओळखू लागेल.

लिपीच्या पातळीवरही असाच एक प्रश्न उभा राहतो. वर उल्लेखिलेल्या 'अधिकाऱ्यांशी' ह्या शब्दातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येते : एक, नुक्तायुक्त 'ऱ' ह्या स्वतंत्र चिन्हाने, दुसरे, साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला ती दोन वेगळे शब्द वाटतात. ज्या गाळणीत एकच रूप नोंदलेले आहे तिच्यातून दुसरे रूप बिनदिक्कत निसटते. इंग्रजी वर्णमालेवर सीझरची लिपी सोडविणाऱ्या आणि कोणते अक्षर किती वेळा येते ह्याची मोजणी इंग्रजी उताऱ्यांवर करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कधी भेटतच नाही. ही मोजणी नवव्या शतकात अल्-किंदीने गूढलेख उकलण्यासाठी योजिली ती अरबी भाषेच्या संदर्भात. म्हणजे त्याने आपल्या भाषेपासून आरंभ केला. देवनागरीत तीच मोजणी करावयाची तर आधी मोजावयाचे ते अक्षर की वर्ण, हेच ठरवावे लागते. एका तासिकेत विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारा ह्याहून चांगला प्रश्न सापडणे अवघड आहे.

शिवाय कायदाही आता ह्याच दिशेने निघाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ह्यात माहिती गोळा करतानाची सूचना व संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला दिलेला आहे. आणि २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार माहितीचा भंग झाल्यास तो बाधित व्यक्तींना संक्षिप्त, स्पष्ट व साध्या रीतीने कळवावयाचा आहे. ह्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. त्या येतील तेव्हा सोलापूरच्या किंवा लातूरच्या खातेदाराला, तुमची कोणती माहिती गेली, त्यामुळे काय होऊ शकते आणि आता तुम्ही काय करावे, हे त्याला कळेल अशा मराठीत लिहिणारा माणूस लागेल. तो कोणत्या महाविद्यालयात तयार होत आहे?

७

ह्या प्रतिपादनावर येऊ शकणाऱ्या दोन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की, विद्यापीठ म्हणजे कारखान्यासाठी कामगार घडविणारी शाळा नव्हे. साधने दर दोन वर्षांनी बदलतात, तत्त्वे टिकतात, म्हणून तत्त्वेच शिकवावीत. ह्या आक्षेपातील पूर्वार्धाशी प्रस्तुत लेखक सहमत आहे. अमुक कंपनीचे साधन चालविणे शिकविणारी प्रमाणपत्रे विद्यापीठीय शिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांतही अनेकदा पाठांतराचीच परीक्षा होते, फक्त पाठ करावयाचा मजकूर बदलतो. परंतु लक्ष्य म्हणजे साधन नव्हे. नोंदी वाचणे, विसंगती ओळखणे, अनुमान आणि निश्चिती वेगळी ठेवणे, वाचक ओळखून लिहिणे ह्या गोष्टी साधनांबरोबर बदलत नाहीत. उलट, तत्त्वाचे आकलन झाले की नाही हे कळण्याचा दुसरा मार्गच नाही. ज्याला अखंडतेची व्याख्या येते पण दोन नोंदींतील विसंगती दिसत नाही, त्याला अखंडता कळली असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे आणि अधिक वजनदार आहे. एका अध्यापकाकडे साठ-सत्तर विद्यार्थी, प्रयोगशाळेत मर्यादित यंत्रे, उत्तरपत्रिका तपासणीचे ठराविक दर आणि नमुना उत्तरांची सक्ती, ह्या परिस्थितीत पुराव्यावर आधारलेली परीक्षा कशी घ्यावयाची? अध्यापकांनाही ही कामे करण्याची संधी मिळालेली नसते, हेही मान्य केले पाहिजे. व्याख्येचे उत्तर तपासण्यास दोन मिनिटे पुरतात; वृत्तान्त तपासण्यास दहा लागतात. तेव्हा दोष केवळ अध्यापकांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परीक्षापद्धतीने जे स्वस्त आहे तेच मोजले, आणि जे मोजले तेच शिकविले गेले.

तरीही काही गोष्टी आजच्या चौकटीतही शक्य आहेत. प्रत्येक घटकाच्या शेवटी एक लक्ष्य द्यावे : दोन पाने नोंदी, एक संदेश किंवा एक परवानगीपत्र, ज्यात काही वावगे असेल किंवा नसेलही. 'काहीही वावगे नाही' हेही उत्तर बरोबर असू शकते, हे विद्यार्थ्याला कळणे फार महत्त्वाचे. कारण रात्रपाळीत बहुतेक वेळा तेच उत्तर बरोबर असते. परीक्षेतील निदान एक प्रश्न पुस्तक उघडे ठेवून, न पाहिलेल्या पुराव्यावर असावा. त्या पुराव्याचा वृत्तान्त दोनदा लिहून घ्यावा : एकदा तांत्रिक वरिष्ठासाठी, एकदा मराठी वाचणाऱ्या खातेदारासाठी. आणि हा दुसरा वृत्तान्त तपासण्यासाठी भाषा विभागातील सहकाऱ्याला बोलवावे. एकाच आवारात राहून हे दोन विभाग एकमेकांच्या प्रश्नपत्रिका कधी पाहत नाहीत, ही स्थिती बदलण्यास कोणत्याही आयोगाच्या मान्यतेची गरज नाही.

पाच लक्ष ही संख्या गाठली की नाही, ह्याहून ते पाच लक्ष काय करू शकतात हा प्रश्न मोठा आहे. आपण ज्यांना सुरक्षेची पदवी देतो त्यांच्या हाती उद्या एखाद्या सहकारी बँकेची, रुग्णालयाची किंवा नगरपालिकेची दारे सोपविली जाणार आहेत. त्या दारावर काही वेगळे दिसले, तर ते कोणत्या प्रकरणातले आहे हे सांगावयास तेथे कोणी अध्यापक नसेल. त्या वेळी पाहण्याची आणि लिहिण्याची सवय असली तरच लक्षणांचा उपयोग. ती नसली तर उत्तम गुणांची गुणपत्रिकाही त्या दाराला कडी लावू शकणार नाही.